तलेकच्या काठी चार रात्री

आफ्रिका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सिंह, हत्ती आणि जिराफ उभे राहतात. माझ्याही राहिले होते. ते सगळे आम्ही पाहिले. परंतु आज कुणी विचारले की तुम्ही तिथून काय आणले, तर मला एका बाईने विचारलेला साधा प्रश्न आठवतो. तो प्रश्न कोणता हे पुढे सांगेनच. आधी आम्ही तिथे पोचलो कसे ते सांगतो, कारण माझ्यासारख्या कारकुनाने आफ्रिकेचे जंगल पाहायला जावे हे आमच्या कार्यालयातही कुणाला खरे वाटले नव्हते. रजेचा अर्ज साहेबांनी दोनदा वाचला होता.

माझा धाकटा मेहुणा नैरोबीत एका कंपनीत लेखापाल आहे. "दाजी, ताईला घेऊन एकदा या," असा त्याचा कित्येक वर्षांचा आग्रह. २०२४ साली मुलीची बारावी संपली, आमच्या लग्नाला वीस वर्षे झाली, आणि आम्ही मनाचा हिय्या केला. विमानाचे भाडे पतपेढीच्या कर्जातून, तर जंगलातला खर्च पत्नीने शिवणकामातून बाजूला टाकलेल्या पैशांतून, अशी तोंडमिळवणी झाली. ऑगस्ट महिन्यात पंधरा दिवसांची अर्जित रजा घेतली. मुलगी आजीपाशी राहिली. निघताना तिने बजावले, "पप्पा, नुसते सिंहाचे फोटो आणू नका. तिथली माणसे कशी राहतात तेही बघून या."

वाचकांपैकी कुणी पुढेमागे जाणार असेल तर दोन गोष्टी सांगून ठेवतो. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी टोचून घ्यावी आणि तिचे पिवळे प्रमाणपत्र पासपोर्टसोबत जपावे. ते नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवून विलगीकरणात ठेवतात. दुसरे म्हणजे स्वेटर न्यावा. विषुववृत्त जवळ म्हणून आम्ही सुती कपडे भरून नेले. पण तो सगळा प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे, आणि पहाटे तिथे आपल्याकडच्या पौषासारखी थंडी पडते.

नैरोबी ते तलेक

नैरोबी हे नाव मासाई भाषेतले. त्याचा अर्थ थंड पाणी. १८९९ साली रेल्वेचे सामान ठेवण्याचे ठाणे म्हणून इंग्रजांनी हे गाव वसविले. मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची ती रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात बांधली गेली. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर करारावर नेले होते. त्यांतले जवळजवळ अडीच हजार तिथेच मेले. आज तिथे दिसणारी भारतीय वंशाची दुकाने, शाळा, दवाखाने यांची सुरुवात त्या काळापर्यंत मागे जाते. २०१७ साली केनिया सरकारने या आशियाई लोकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली, असे मेहुण्याने मोठ्या कौतुकाने सांगितले.

भाषेनेही आम्हाला परके वाटू दिले नाही. स्वाहिली भाषेत चहाला चाय, पोळीला चपाती, गाडीला गारी, दुकानाला दुका आणि पैशाला पेसाच म्हणतात. मुगाच्या उसळीला न्देंगू म्हणतात, ती चपातीबरोबर खातात. पत्नीने पहिल्याच जेवणात वाटी संपवून आणखी मागून घेतली. सफारी हा शब्दसुद्धा मुळात अरबी सफरीपासून आलेला. त्याचा अर्थ नुसता प्रवास. शिकार आणि जीपगाडी त्याला नंतर चिकटली.

नैरोबीपासून मासाई मारापर्यंतचे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. मेहुण्याने ओळखीचा गाडीवाला ठरवून दिला होता. पहाटे निघालो. दीड तासाने रस्ता एकदम घाटात उतरतो आणि खाली प्रचंड दरी पसरलेली दिसते. तीच जगप्रसिद्ध रिफ्ट दरी. घाटाच्या पायथ्याशी रस्त्याकडेला एक लहानसे चर्च आहे. दुसऱ्या महायुद्धात कैद करून आणलेल्या इटालियन सैनिकांकडून हा रस्ता बांधून घेतला. त्याच कैद्यांनी १९४२ साली हे चर्च बांधले. रस्ते बांधणाऱ्यांची नावे कुठेच नसतात. इथे निदान त्यांच्या हातची एक इमारत तरी उभी राहिली.

नारोक हे जिल्ह्याचे गाव मागे टाकले की शेते विरळ होतात आणि गवत सुरू होते. गवतात ठिपक्यांसारखी एकेकटी झाडे. मासाई भाषेत मारा म्हणजे ठिपकेदार. नाव अगदी चपखल आहे.

नदीकाठचा तंबू

आमचा मुक्काम तलेक नदीच्या काठी होता. ही नदी पुढे मारा नदीला मिळते आणि मारा टांझानियात जाऊन व्हिक्टोरिया सरोवराला मिळते. आम्ही राहिलो त्या टापूत तलेक हीच राखीव जंगलाची हद्द आहे. पलीकडचा काठ जंगलाचा, अलीकडचा माणसांचा. अलीकडच्या काठाने लहानमोठे कॅम्प आहेत. आमचा त्यांतला अगदी लहान, आठ तंबूंचा होता.

तंबू म्हणजे सहलीला नेतो तसा नव्हे. सिमेंटच्या ओट्यावर जाड कापडाची खोली, आत दोन खाटा, मागे न्हाणीघर. आंघोळीचे पाणी सांगितल्यावर लाकडे पेटवून तापवून देत. दिवे सौरऊर्जेवर, तेही रात्री दहापर्यंत. दाराला कुलूप नाही, चेन. ती रात्री नीट ओढून घ्यायची, आणि अंधार पडल्यावर पहारेकऱ्याशिवाय एक पाऊलही बाहेर टाकायचे नाही, हा पहिला नियम.

नियमाचे कारण पहिल्याच रात्री कळले. तंबूच्या अगदी कापडाला लागून कुणीतरी गवत उपटून खात असल्यासारखा करकर आवाज येऊ लागला. पत्नीने माझा हात घट्ट धरला. "अहो, म्हैस आहे का?" तो पाणघोडा होता. दिवसभर हा प्राणी नदीच्या डोहात नाकडोळे वर ठेवून पडून राहतो आणि रात्री चरायला काठावर येतो. दीड टन वजनाचा देह, एका रात्रीत चाळीस किलोपर्यंत गवत खातो. त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये माणूस आला तर तो माणसाला सोडत नाही. आम्ही श्वास रोखून बसलो. अर्ध्या तासाने शिटी ऐकू आली, बॅटरीचा झोत फिरला आणि तो जड पावलांनी नदीकडे निघून गेला.

तो झोत पहारेकऱ्याचा. साठीचे गृहस्थ, अंगावर लाल चौकड्यांची चादर, हातात भाला, पायात मोटारीच्या टायरचे पायताण. तिथे वडीलधाऱ्या पुरुषाला आदराने म्झे म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांना म्झे म्हणू लागलो. चारही रात्री आम्हाला जेवणाच्या जागेपासून तंबूपर्यंत त्यांनीच पोचविले. भाला कशासाठी, असे मी विचारले. ते म्हणाले, भाला पाहुण्यांच्या धीरासाठी, माझ्या धीरासाठी कान पुरेसे आहेत.

सकाळी पाहिले तर काठावरच्या झाडांच्या बुंध्यांवर माझ्या डोक्याच्याही वर वाळलेला गाळ आणि काटक्या अडकलेल्या. २०२४ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला तलेकला मोठा पूर आला होता. डझनभराहून अधिक कॅम्प पाण्याखाली गेले, पर्यटकांना हेलिकॉप्टरने हलवावे लागले. आमच्या कॅम्पचे तंबूही त्यात वाहून गेले होते. नवे उभारून दोन महिने होत होते. आता तीच नदी गुडघाभर पाण्याने मुकाट वाहत होती.

एका दिवसाचे दोनशे डॉलर

राखीव जंगलात जायचे तर परदेशी माणसाला प्रवेश फी द्यावी लागते. जुलै २०२४ पासून नारोक जिल्हा प्रशासनाने जुलै ते डिसेंबरच्या हंगामासाठी ती माणशी २०० डॉलर केली. पास सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढाच चालतो. दोघांचे चारशे डॉलर म्हणजे त्या वेळच्या भावाने साधारण तेहतीस हजार रुपये! मी बी.कॉम. माणूस, आकडा दिसला की खालच्या ओळीत बेरीज मांडतो. आम्ही ठरविले, जंगलात एकच दिवस जायचे आणि बाकीचे दिवस अलीकडच्या काठावर काढायचे. आज वाटते, खिशाने घेतलेला हा निर्णय शहाणपणाचा ठरला.

त्या एका दिवसाने मात्र पैसे वसूल केले. सकाळच्या उन्हात सिंहिणीचे कुटुंब पाहिले. बछडे आईच्या शेपटीशी खेळत होते आणि आई आपल्याकडच्या थकलेल्या बाईसारखी मान वळवून पडली होती. हत्तींचा कळप पाहिला. सर्वांत पुढे म्हातारी हत्तीण होती. दुपारी मारा नदीवर गेलो. विल्डबीस्ट नावाची गाईसारखी काळी जनावरे टांझानियाच्या सेरेंगेटीतून गवताच्या शोधात दरवर्षी इकडे येतात. त्यांची एकूण संख्या तेरा लाखांच्या घरात सांगतात. त्यांचे नदी ओलांडणे पाहायला जगभरातून लोक येतात. काठावर पन्नासेक गाड्या उभ्या होत्या. हजारो जनावरे पाण्यापाशी येत, वास घेत, मागे फिरत. तीन तास आम्ही थांबलो. एकानेही उडी टाकली नाही.

खाली खडकांत आधी बुडालेल्यांची हाडे दिसत होती आणि त्यांवर गिधाडे बसली होती. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे वर्षाला सरासरी ६,२५० विल्डबीस्ट या नदीत बुडून मरतात. मांस मासे, मगरी, गिधाडे खातात. हाडे मात्र विरघळायला सात वर्षे लागतात आणि तोवर नदीतल्या जिवांना पोसत राहतात. नदीच्या खातेवहीत काहीच बुडीत खाती जात नाही, असे माझ्या मनात आले.

तरसांची उतरंड

दुसऱ्या रात्री पलीकडच्या काठावरून विचित्र आवाज आला. खालून वर चढत जाणारी हाक, पुन्हा पुन्हा. म्झे म्हणाले, तरस.

हे तरस आपल्याकडच्या पट्टेरी तरसाहून वेगळे, ठिपकेदार. तलेकच्या काठच्या तरसांचा अभ्यास के होलकॅम्प या अमेरिकन विदुषीने १९८८ साली सुरू केला आणि पिढ्यान्‌पिढ्या एकेका तरसाची नोंद ठेवली गेली. कॅम्पचा व्यवस्थापक तरुण याबद्दल बरेच जाणत होता. शेकोटीपाशी त्याने सांगितले ते असे. तरसांच्या टोळीत माद्यांचे राज्य असते. प्रत्येकीची पायरी ठरलेली. वरच्या पायरीची मादी आली की खालचीने शिकारीवरून बाजूला व्हायचे. आणि पिलाला पायरी मिळते ती आईची. राणीचे पिलू डोळे उघडल्यापासून वरचे. खालच्या मादीचे पिलू कितीही धट्टेकट्टे असले तरी खालचे.

हे ऐकून मी जरा सावरून बसलो. जन्मावरून पायरी! पत्नीने माझ्याकडे पाहिले. आमच्या दोघांच्याही मनात एकच गोष्ट आली होती. मी त्याला विचारले, "म्हणजे हे त्यांच्या रक्तातच असते?"

तो म्हणाला, "नाही. शिकवलेले असते." पिलू दुसऱ्या पिलाशी भांडले की आई मध्ये पडते. वरच्या मादीच्या पिलाला आईचे पाठबळ मिळते, खालच्या मादीच्या पिलाला माघार घ्यावी लागते. असे शंभरदा झाले की दोन्ही पिलांना आपापली जागा पाठ होते. पुढे आई जवळ नसली तरी खालचे आपोआप बाजूला होते. परत आल्यावर मी यावर मिळेल ते वाचले. टांझानियातल्या तरसांवरचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला आहे. दुसऱ्या मादीने दत्तक घेतलेल्या पिलांना पायरी मिळाली ती वाढविणाऱ्या आईची, जन्म देणारीची नव्हे. मग रक्ताचा प्रश्न उरला कुठे?

तरसाला हे कुणी समजावून सांगू शकत नाही. माणसाला सांगता येते, एवढाच फरक. तो लहान नाही.

रिकामे रान

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काठावर चहा घेत बसलो होतो. पलीकडे नजर पोचेल तिथवर गवत, एकही झोपडी नाही. पत्नी म्हणाली, "किती मोकळी जागा आहे! इथे कधी कुणी राहिलेच नाही का?"

व्यवस्थापक तरुण मासाई होता. नैरोबीला हॉटेल व्यवसायाचे शिक्षण घेऊन आलेला, बोलायला नम्र. तो म्हणाला, माझे आजोबा त्या काठावर गुरे चारत असत.

पुढची हकिकत थोडी त्याने सांगितली, थोडी मी नंतर ग्रंथालयात बसून वाचली. मासाई गुराखी लोक. रिफ्ट दरीतली उत्तम कुरणे त्यांची होती. रेल्वे आली, तिच्यामागून गोरे शेतकरी आले. १९०४ साली इंग्रजांनी मासाईंशी करार करून त्यांना दरीतून काढले आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना उत्तरेला लायकिपियात पाठविले. मासाई जमात अस्तित्वात असेपर्यंत ही नवी जागा तुमची, असे वचन त्यात होते. ते सात वर्षे टिकले. लायकिपियाची जमीनही गोऱ्यांना हवी झाली आणि १९११ साली दुसरा करार करून मासाईंना गुराढोरांसह दक्षिणेकडे हाकलण्यात आले. मासाई गप्प बसले नाहीत. ते न्यायालयात गेले. १९१३ साली निकाल लागला की हे करार म्हणजे दोन राष्ट्रांमधले तह आहेत, त्यांत न्यायालयाला हात घालता येत नाही! ज्यांना रानटी म्हणून हिणविले, त्यांना हक्क नाकारायच्या वेळी मात्र राष्ट्र ठरविले गेले. कायद्याची भाषा कुणाच्या हातात आहे यावर किती गोष्टी अवलंबून असतात, हे या पानांच्या वाचकांना मी काय सांगावे?

पुढे १९६१ साली मारामध्ये अभयारण्य झाले आणि १९७४ साली ते राष्ट्रीय राखीव क्षेत्र झाले. आज ते सुमारे दीड हजार चौरस किलोमीटरचे आहे. त्यात वस्ती नाही आणि गुरे चारायला बंदी आहे. पाऊस हुकला की मासाई पोरे रात्रीच्या अंधारात गुरे पलीकडे नेतात. सापडली तर गुरे कोंडवाड्यात आणि मालकाला दंड. पाणवठ्यावर कुणी यायचे आणि कुणी नाही हे दुसऱ्याने ठरविण्याचा प्रकार आमच्या वाडवडिलांना नवा नव्हता. त्यामुळे ते ऐकताना हातातला चहा गार झाला.

पण तो तरुण रडगाणे गात नव्हता. त्याने अलीकडच्या काठाची गोष्ट सांगितली. इथली सामाईक कुरणे गेल्या काही दशकांत कुटुंबांमध्ये वाटून देण्यात आली आणि प्रत्येक हिश्श्याचा मालकी हक्काचा दाखला झाला. मग २००६ पासून एकेका टापूतल्या शेकडो जमीनमालकांनी आपले तुकडे एकत्र जोडून वन्यप्राण्यांसाठी राखून ठेवले आणि कॅम्पवाल्यांना भाड्याने दिले. भाडे एकराप्रमाणे ठरते आणि थेट मालकाच्या खात्यावर किंवा मोबाइलवर येते. मोबाइलवरून पैसे पाठविण्याची एम-पेसा ही पद्धत केनियात २००७ सालीच सुरू झाली. मोबदल्यात मालकांनी त्या जमिनीवर घर बांधायचे नाही आणि गुरे नेमून दिलेल्या वेळी, नेमून दिलेल्या जागीच चारायची. कुरण कमी पडते म्हणून कुरबुर आहेच. महामारीत २०२० साली पाहुणे थांबले तेव्हा भाड्यालाही ओढ लागली. तरीही, ज्यांना दोनदा हाकलले त्यांच्या नातवंडांच्या नावावर जमीन आहे आणि जंगल पाहणारा त्यांना भाडे देतो, ही गोष्ट मला मोठी वाटली. मी तसे बोलूनही दाखविले.

तो म्हणाला, "चला, उद्या माझ्या आईला भेटू."

शेणामातीची भिंत

शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही त्याच्या घरी चालत गेलो. काटेरी कुंपणाचे मोठे रिंगण, मध्ये रात्री गुरे ठेवायची जागा, कडेने ठेंगणी घरे. त्याची आई दारातच उभी होती. "सोपा!" ती म्हणाली. पत्नी चकित होऊन माझ्याकडे पाहू लागली. मासाईत भेटल्यावर सोपा म्हणतात आणि उत्तरादाखल एपा म्हणायचे असते. एवढा एक धडा खरोखरच सोपा निघाला.

आई पन्नाशीच्या. गळ्यात मण्यांच्या रुंद माळा, डोके तुळतुळीत भादरलेले. त्या घराच्या एका भिंतीला शेणामातीचा लेप देत होत्या. पत्नीला राहवले नाही. लहानपणी आमच्या दोघांच्याही घरी शेणाने सारवलेली जमीन होती. तिने पदर खोचला, शेणात हात घातला आणि हात फिरवून दाखविला. त्या माउलीने आधी डोळे मोठे केले आणि मग अशी हसली की शेजारच्या चार बायका गोळा झाल्या. भाषा कळत नव्हती, पण हात एकमेकींना कळत होते.

मासाईंमध्ये घर बांधणे हे बाईचे काम. काठ्या आणायच्या, विणायच्या, लिंपायचे, पावसाने गळले की पुन्हा लिंपायचे. या बाईंनी आयुष्यात अशी चार घरे बांधली होती. दूध काढणे आणि वाटणे त्यांच्याकडे. मण्यांचे दागिने करून विकणे त्यांच्याकडे, त्याचे पैसे त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर येतात, हे त्यांनी मोबाइल उंच धरून दाखविले. मी म्हटले, "आणि जमिनीचे भाडे?"

मुलाने विचारण्याआधीच सांगून टाकले, "ते वडिलांच्या मोबाइलवर येते. दाखला वडिलांच्या आणि आम्हा दोघा भावांच्या नावावर आहे." कुरणांची वाटणी झाली तेव्हा नोंदवहीत नावे होती ती पुरुषांची. काही विधवांना हिस्सा मिळाला, पण नवरा असलेल्या बाईचे नाव घालावे असे फारसे कुणाला सुचले नाही. केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेने जमिनीच्या बाबतीत स्त्री-पुरुष भेद नाहीसा करण्याचे तत्त्व स्वीकारले आहे. पण दाखले आधीच छापले गेले होते.

बाईंना आमचे बोलणे अंदाजाने कळले असावे. त्यांनी माझ्या पत्नीकडे बोट करून मुलाला काहीतरी विचारायला सांगितले. तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "आई विचारते आहे, तुमचे घर कुणाच्या नावावर आहे?"

पत्नीने काही उत्तर दिले नाही. ती माझ्याकडेही पाहत नव्हती, हातावरचे शेण पुसत होती. उत्तर मलाच द्यावे लागले.

"माझ्या."

त्याने ते भाषांतर केले. बायका हसल्या. कुचेष्टेने नव्हे, ओळखीने. बाईंनी पत्नीच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुन्हा भिंतीकडे वळल्या.

वाचकहो, गेली वीस वर्षे मी वस्तीत महिला मेळावे घेतो. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे मी किती वेळा व्यासपीठावरून सांगितले असेल त्याची गणती नाही. आणि आमच्या दोन खोल्यांच्या घराचे निम्मे हप्ते जिच्या शिलाई मशीनने फेडले, तिचे नाव कागदावर नाही! कुणी विरोध केला नव्हता. नाव घालावे असे मला सुचलेच नव्हते. त्या मासाई पुरुषांसारखेच. खालची पायरी जशी शिकवलेली असते तशी वरचीही शिकवलेली असते, आणि वर बसलेल्याला ती पायरी आहे हेच दिसत नाही.

परत आल्यावर

त्या रात्री शेवटची शेकोटी झाली. नदीत पाणघोडे हुंकारत होते, पलीकडे तरसांची हाक चालू होती. म्झे आम्हाला तंबूपर्यंत पोचवून गेले. चेन ओढल्यावर मी पत्नीला म्हटले, "पहिले काम घराच्या कागदाचे." ती म्हणाली, "आधी घरी तर पोचू." त्या आवाजात राग नव्हता, पण लगेच विश्वासही नव्हता, आणि तो नसावा हेच बरोबर होते.

ते काम मी केले. ज्यांना करायचे आहे त्यांच्यासाठी सांगतो. महाराष्ट्रात राहते घर पतीने पत्नीला किंवा पत्नीने पतीला बक्षीसपत्राने दिले तर मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार लागू असेल तर तो वेगळा, नोंदणी फी वेगळी. घराचा निम्मा हिस्साही असा देता येतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बक्षीसपत्राची नोंदणी करावी लागते आणि मग सोसायटीच्या भागपत्रावर नाव चढते. घरावर कर्ज असेल तर बँकेची संमती आधी घ्यावी. आमच्या सोसायटीच्या चिटणीसांनी विचारले, "काही वाद झाला का?" मी म्हटले, "नाही, प्रवास झाला."

मुलीने फोटो पाहिले. सिंहिणीचा आहे, हत्तींचा आहे, काठावरच्या गाळ लागलेल्या झाडाचाही आहे. तिने निवडून भिंतीवर लावला तो मात्र दोन बायकांचा. एक लाल चादरीतली, एक पदर खोचलेली, दोघींचे हात कोपरापर्यंत शेणाने माखलेले.

आफ्रिकेला जाणे प्रत्येकाला जमेल असे नाही. पण आज संध्याकाळी कपाटातून घराचा कागद काढून त्यावर कुणाचे नाव आहे ते पाहणे सर्वांना जमण्यासारखे आहे. त्याला दोनशे डॉलर लागत नाहीत.